वेत, कागद आणि बेचकीची खुर्ची

सातवीच्या वर्गात शब्दांची कुळं शिकवताना मी दरवर्षी खुर्चीपासून सुरुवात करते. एक तर ती समोरच असते, आणि दुसरं म्हणजे तिच्यावर बसायला मुलांना मनाई असते, त्यामुळे तिच्याबद्दल ऐकायला ती उत्सुक असतात. अरबीत कुर्सी. अरबीत ती आरामी भाषेतून आली आणि त्याहून मागं गेलं तर बाबिलोनकडच्या अक्कादी भाषेत 'कुस्सू' सापडतो. फारसीच्या बोटाला धरून ती दख्खनमध्ये आली, इथल्या जिभेवर 'क'चा 'ख' झाला, 'स'चा 'च' झाला आणि खुर्ची मराठी झाली. आमच्या शाळेत उर्दूच्या तासाला तीच वस्तू कुर्सी असते आणि पुढच्या तासाला खुर्ची. आयतुल कुर्सी तर बहुतेक मुलांना पाठ असते. त्या आयतीतला शब्द आणि बाईंच्या बुडाखालचा शब्द एकच, हे कळल्यावर वर्ग क्षणभर एकदम गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं.

शब्द इतका जुना, पण वस्तू मात्र आमच्या घरात नव्हती. आम्ही दस्तरखानावर जेवणारी माणसं. पाहुणे आले की सतरंजी, फार मोठे पाहुणे आले की शेजारून आणलेली लोखंडी घडीची खुर्ची. याची गंमत अशी की माझे अब्बा आयुष्यभर खुर्च्याच विणत होते. कचेऱ्या, कोर्ट, डाकबंगला, वकिलांची घरं, जिथं जिथं वेताच्या बैठकीची खुर्ची होती तिथं तिथं अब्बांचा हात फिरलेला होता. बैठक फाटली की खुर्ची सायकलच्या कॅरिअरवर उलटी बांधून घरी यायची, चार दिवस आमच्या ओसरीवर असायची आणि सरळ होऊन परत जायची. तिच्यावर बसायची आम्हाला बंदी होती. ते गिऱ्हाइकाचं आहे, असं अम्मी म्हणायच्या.

हे सगळं आठवायचं कारण एक फोटो. माझ्या आपाचा मुलगा नोकरीनिमित्त डेन्मार्कमध्ये राहतो. त्यानं तिकडे जुन्या सामानाच्या बाजारात जेवणाच्या टेबलाच्या चार लाकडी खुर्च्या घेतल्या. दोन धड, दोघींच्या बैठकी फाटलेल्या. विणून घ्यायला गेला तर एका बैठकीचा जो आकडा सांगितला, तो आपल्या हिशेबानं पंधरा हजार रुपयांच्या घरात होता. त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'नाना, ये बुनना आता क्या?'

मी तो फोटो अब्बांना दाखवायला माहेरी गेले. दोन गल्ल्या पलीकडेच आहे. अब्बांनी चष्मा चढवला, फोन जवळ घेतला, लांब धरला, आणि बैठकीकडे न बघता आधी पाठ बघितली. पाठीला वरून गोल वळलेली एकच कांब, तीच पुढे येऊन दोन्ही बाजूंना हाताला टेकू देते. मधे आधाराला एक फळी, खाली एक, वर दोन फाटे. 'बेचकी है,' अब्बा म्हणाले. गलोलीची बेचकी. इंग्रजीत या खुर्चीला कोंबडीच्या छातीतल्या हाडाचं नाव आहे आणि तिच्या देशात तिला वाय अक्षराची खुर्ची म्हणतात. मला अब्बांचं नाव सगळ्यात पटलं.

मग मी त्या खुर्चीमागे लागले. मास्तरकीचा हा रोग असतो.

ती हान्स वेग्नर नावाच्या माणसानं 1949 साली रेखली. वेग्नर 1914 साली दक्षिण डेन्मार्कमधल्या ट्योनर नावाच्या गावात जन्मले, जर्मनीच्या सरहद्दीजवळ. वडील मोची. पोरगा कोवळ्या वयातच गावातल्या सुताराकडे उमेदवारीला लागला, हातात रंधा-पटाशी घेतली आणि मग कोपनहेगनला जाऊन शिकला. म्हणजे आधी सुतार, मग रेखाटणारा. आयुष्यात त्यांनी पाचशेहून जास्त खुर्च्या रेखल्या. 2007 साली वारले. त्यांच्याच 1949 सालच्या दुसऱ्या एका गोल पाठीच्या खुर्चीवर 1960 मध्ये केनेडी आणि निक्सन टीव्हीवरच्या वादाला बसले होते आणि त्यामुळे ती जगभर गाजली. पण ती बैठकीच्या खोलीत मिरवायची खुर्ची. बेचकीवाली रोजच्या जेवणाची. ओडेन्स शहरात 1908 पासून असलेल्या कार्ल हान्सन आणि मुलगा या कारखान्यासाठी ती केली होती. 1950 पासून तिचं उत्पादन सुरू झालं आणि आजही ते थांबलेलं नाही.

आणि ही अस्सल डॅनिश खुर्ची मुळात चिनी आहे. वेग्नरनी मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांची चित्रं बघितली होती, गोल वळलेल्या पाठीच्या. त्यावरून 1944 मध्ये त्यांनी एक खुर्ची केली, तिचं नावच चिनी खुर्ची. मग तिच्यातलं एकेक कमी करत, हलकं करत ते या बेचकीपर्यंत आले. गंमत अजून पुढे आहे. चीनमध्येही एकेकाळी लोक चटईवर बसत. तिकडे परक्या मुलखातून घडीचं आसन गेलं तेव्हा त्याला त्यांनी 'परक्यांची खाट' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. उंच खुर्चीवर बसणं चीनमध्ये सर्रास झालं ते हजारेक वर्षांपूर्वी. आमच्याकडे काही मंडळी टेबल-खुर्चीवर जेवण्याला फिरंग्यांची रीत म्हणून नाक मुरडतात, आणि दुसरी मंडळी दस्तरखानाला मागासलेपण समजतात. दोघांनीही चिनी माणसाला विचारावं. मी स्वतः दस्तरखानाच्या बाजूची आहे, कारण जमिनीवर जेवताना एक माणूस वाढला तर खुर्ची शोधावी लागत नाही. पण मशिदीत शेवटच्या सफेत म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्या वर्षावर्षाला वाढतायत असं भाऊ सांगतो, आणि गुडघ्यांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

असो. अब्बांना चीनशी घेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता: बैठक कशाची आहे?

कागदाची.

हे ऐकून ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. पण खरंच ती कागदाची असते. कागदाच्या पट्ट्या पिळून, त्यांचे तीन पदर एकमेकांत वळून दोरी करतात. एका बैठकीला सुमारे 120 मीटर दोरी लागते आणि सरावलेला कारागीर ती तासाभरात विणतो. आधी तिकडे खुर्च्यांना समुद्री गवताची दोरी वापरत. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क 1940 ते 1945 जर्मनांच्या ताब्यात होता, बाहेरचा माल येईना, तेव्हा गवताच्या जागी कागदाची दोरी आली. टंचाईत आलेली वस्तू. युद्ध संपलं, पण दोरी गेली नाही, कारण ती चांगली निघाली. वर्षानुवर्षं टिकते आणि बसून बसून तिला तुकतुकी येते.

अब्बांचा वेत वेगळा. वेताची साल काढलेली असते, चपटी, एका बाजूनं चमकदार. ती भिजत घालावी लागते, नाहीतर वळताना तडकते. आमच्या लहानपणी न्हाणीतल्या एका घमेल्यात कायम वेत भिजत असायचा आणि आंघोळीला गेलं की त्याचा ओलसर, गवती वास यायचा. चौकटीच्या कडेनं भोकं असतात. आधी उभे पेर, मग आडवे, मग पुन्हा उभे, पुन्हा आडवे, मग एक तिरका, मग उलटा तिरका. सहा पेर झाले की अष्टकोनी जाळी उमटते आणि शेवटी भोकं झाकायला कडेनं पट्टी. पेर टाकताना सुटू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी ठोकायची. त्या खुंट्या पुरवायचं काम माझं होतं. एका बैठकीला अब्बांना दीड दिवस लागायचा. मी पाचवी-सहावीत असताना त्याचे 30 रुपये मिळत, त्यातून वेताचे पैसे वजा. एका कचेरीनं 22 खुर्च्यांचे पैसे दोन वर्षं अडवून ठेवले होते. अब्बा दर महिन्याला धुतलेला सदरा घालून तिथं जात आणि त्यांनीच विणलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणून सांगे. ते बाहेर बाकावर बसत. आत बसायला कुणी म्हटलं नाही.

नंतर प्लास्टिकची वायर आली. भिजवायला नको, भोकं पाडायला नकोत. अब्बांनी तीही विणली. त्यांना ती आवडली नाही, पण आवडण्याचा प्रश्न नव्हता. मग साच्यातून काढलेल्या अख्ख्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एकात एक रचून ठेवता येणाऱ्या, आणि विणायला काही उरलंच नाही. शेवटची काही वर्षं अब्बा एका फर्निचरच्या दुकानात पॉलिश मारत होते.

आमच्याकडेही टंचाईच होती आणि तिकडेही टंचाईच होती. तिकडे टंचाईतून आलेली दोरी आज पंधरा हजार रुपये मजुरी मागते. आमच्याकडचा वेत मेला. का, हे मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. तिकडचे लोक कलेची कदर करतात आणि आपले करत नाहीत, असं एक उत्तर आपल्याकडे तयार असतं. मला ते आळशी वाटतं. कोपनहेगनच्या सुतारांवरही वेळ आली होती. कारखान्यातला स्वस्त माल आणि कमी होत जाणारी कामं यांना तोंड द्यायला त्यांच्या संघानं 1927 पासून दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. त्यात रेखाटणारा आणि सुतार यांची जोडी जमवायची, नवीन वस्तू करून मांडायची आणि शहरानं ती बघायला यायचं. 1966 पर्यंत, मधे युद्ध येऊन गेलं तरी, हे चाललं. त्याच्या थोडं आधी, 1924 साली, तिथल्या कला अकादमीत फर्निचर शिकवायचा स्वतंत्र वर्ग निघाला. तो कोरे क्लिंट नावाच्या मास्तरांनी चालवला. हे मास्तर मला फार आवडले. नवीन काहीतरी सुचवा असं ते पोरांना सांगत नसत. आधी जुनी चांगली खुर्ची आणा, तिची मापं घ्या, ती हुबेहूब कागदावर काढा. माणसाचं शरीर मोजा. कपाट करायचं तर आत ठेवायची भांडी मोजा. त्यांचा विद्यार्थी बोर्ये मोगेन्सन, हाही 1914 सालचाच, वेग्नरचा दोस्त. त्यानं पुढे घरातली कपाटं रेखताना माणसाकडे सदरे किती असतात, घडी केल्यावर ते केवढे होतात, इथपर्यंत मोजलं होतं.

या मोगेन्सनची एक खुर्ची बेचकीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते. डेन्मार्कमध्ये ग्राहकांच्या सहकारी दुकानांचा मोठा संघ होता. दूध, साबण, कापड विकणारा. 1942 मध्ये त्यांनी आपला फर्निचरचा विभाग मोगेन्सनकडे सोपवला: साध्या माणसाला परवडेल आणि लहान घरात मावेल असं सामान करा. 1947 साली त्यातून एक जेवणाची खुर्ची निघाली. गोल पाय, पाठीला एकच रुंद, किंचित वळलेली फळी, कागदाच्या दोरीची बैठक. बस. अमेरिकेतल्या शेकर नावाच्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती पंथाच्या खुर्च्यांवरून ती घेतली होती. त्या लोकांना काम हीच प्रार्थना वाटे आणि खुर्चीवर नक्षी करणं म्हणजे फुकटचा गर्व. डेन्मार्कमध्ये या खुर्चीला लोकांची खुर्ची असं नाव पडलं. आपल्या सहकारानं साखर कारखाने काढले, दूध गोळा केलं, बँका काढल्या आणि काही बुडवल्याही. सहकारानं चांगली खुर्ची करावी, हे मात्र आपल्याकडे कुणाला सुचल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या जिल्ह्यात अशी एखादी सोसायटी असती तर अब्बांनी सदरा धुऊन कचेरीत जायची गरज नव्हती.

तिकडचं सगळं सोनं आहे असंही नाही. त्या लोकांच्या खुर्चीची आजची नवी किंमत लोकांना परवडणारी नाही. बेचकीवाली नवी घ्यायची तर आपले पन्नास हजारांच्या वर रुपये एका खुर्चीला. मोच्याच्या मुलानं रोजच्या जेवणासाठी केलेली खुर्ची आता मासिकांच्या फोटोंत दिसते आणि तिच्या नकला कुठकुठल्या देशांत निघतात. शिवाय त्या काळातल्या कितीतरी डॅनिश खुर्च्या सागवानी आहेत आणि सागवान काही डेन्मार्कमध्ये उगवत नाही. ते आशियातून जाई. कोपनहेगनला 1897 साली निघालेली ईस्ट एशियाटिक कंपनी सयामच्या सागवानाचा व्यापार करत होती. ज्यांनी ते जंगलातून तोडून ओढून आणलं त्यांच्यावर कुणी पुस्तक काढत नाही. वेग्नरचं नाव जगाला माहीत आहे. 120 मीटर दोरी रोज तासातासाला हातातून ओढणाऱ्यांची नावं तिकडच्यांनाही सांगता येणार नाहीत. त्यांना मजुरी मात्र वेळेवर मिळते, आणि मला तेवढं पुरे आहे.

तर भाच्यानं ठरवलं, पंधरा हजार द्यायचे नाहीत, दोरी आणून स्वतः विणायची, नानांना विचारून. त्यानं यूट्यूबवरचे व्हिडिओ पाठवले. अब्बा ते आवाज बंद करून बघत, कारण बोलणं कळत नव्हतंच आणि हात कळत होते. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी मला थांबवायला लावलं. या बैठकीला भोकं नाहीत, दोरी सरळ चौकटीच्या चारी दांड्यांवरून खालीवर जाते. चारी कोपऱ्यांतून सुरुवात करून आत आत यायचं, की चार त्रिकोण होतात, टपालाच्या पाकिटाच्या पाठीसारखे. अब्बा म्हणाले, 'आगे का डंडा लंबा है.' पुढचा दांडा मागच्यापेक्षा लांब आहे. सरळ चारी कोपऱ्यांतून विणत गेलं तर मागची बाजू आधी भरेल आणि पुढे फट राहील. आधी पुढचेच दोन कोपरे भरून घ्यायचे, पुढची रिकामी जागा मागच्याइतकी होईपर्यंत, मग चौफेर जायचं. व्हिडिओतला माणूस नेमकं तेच करत होता. मी म्हटलं, अब्बा, तुम्ही बघूनच सांगितलंत ना? ते म्हणाले, बघून नाही, तो असं का करतो ते कळल्यावर सांगितलं.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. तिकडे दुपार, इकडे असरची वेळ होत आलेली. भाचा जमिनीवर मांडी घालून बसला होता, खुर्ची आडवी पाडलेली. अब्बा खाटेवर. मी फोन धरून. 'खेंच.' तो ओढे. 'और खेंच.' तो म्हणे, नाना, बोटं कापतायत. अब्बा म्हणाले, कापू दे, पट्टी लाव. कोपऱ्यात दोरी काटकोनात बसते का हे ते मला फोन वाकडा-तिकडा करून बघायला सांगत, मग लक्षात येई की फोन वाकडा करायचा तो त्या पोरानं, मी नाही. कारागिराला एक तास लागतो ते काम त्याचं तीन रविवार चाललं. दुसऱ्या रविवारी अब्बांनी त्याला अर्ध्याहून जास्त उसवायला लावलं, कारण एक पेर ढिला राहिला होता. भाचा रडवेला झाला. आपा माझ्या फोनमधून अब्बांना म्हणाली, जाऊ द्या ना, त्याच्याच घरात राहणार आहे. अब्बांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी तो पेर पुन्हा घातलेला होता.

बकरी ईदला भाचा आला तेव्हा उरलेल्या दोरीचं एक भेंडोळं घेऊन आला. अब्बांनी एक तुकडा तोडला, त्याचा पीळ उलटा फिरवून तीन पदर सुटे केले, एक पदर नखानं उलगडला आणि हातात खरोखरच तपकिरी कागदाची पट्टी आली. ती त्यांनी अम्मींना दाखवली, मग शेजाऱ्यांना. नंतर माळ्यावरून एक जुनं स्टूल काढायला लावलं, बिनबैठकीचं, कधीतरी गिऱ्हाइकानं परत नेलंच नव्हतं ते. भाचा परत गेला तसे ते रोज जोहरनंतर त्याच्यापुढे बसतात. बोटांत जोर राहिलेला नाही. दोरी ते लावतात, कोपरा ते वळवतात, आणि ओढायला माझ्या धाकट्या मुलीला बसवतात. ती सातवीत आहे. परवापर्यंत चारी कोपऱ्यांतून बोटभर आत आले होते. दोरी पुरेल की नाही यावर दोघांचं एकमत नाही.